सुपाचं पार्सल

शहरात चांगलं जेवण कुठे मिळतं, हे जावईबापूंना विचारावं. कुठल्या गल्लीत मासा ताजा, कुठल्या खानावळीत मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवतात, कुठे बाहेरची रांग बघून फसायचं नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. गावाहून बहिणीला, म्हणजे जावईबापूंच्या बायकोला, भेटायला आलेल्या सुताराला त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या थेट खानावळीच्या टेबलाशीच नेऊन बसवलं.

"आणि ती?" सुताराने विचारलं.

"तिला ताप आहे हो, दादा. साथीचा. डॉक्टर म्हणाले, चार दिवस कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. तोवर तुमची सरबराई माझ्याकडे. लॉजवर खोली घेतलीय, आणि खायला हे अख्खं शहर पडलंय."

निघताना आईने बजावलं होतं, "फोनवर ती नुसती हं-हं करते. मला काही ते बरं लक्षण वाटत नाही. तू डोळ्यांनी बघून ये, आणि ठीक नसली तर घेऊनच ये." म्हणजे सुतार काही खायला आला नव्हता. पण समोर वाफाळतं ताट आलं की भल्याभल्यांचं डोकं गहाण पडतं, आणि हा तर दिवसभर प्रवास करून आलेला.

मासा जरा गार निघाला. जावईबापू हसतच उठले. वेटर पन्नाशीचा, घरी नातवंडं असावीत असा. त्याला बोटाने जवळ बोलावून ते म्हणाले, "चाखून बघ," आणि तो वाकला तशी त्यांनी मूठ वळून अशी एक ठेवून दिली की तो शेजारच्या टेबलावर कोसळला. ग्लास फुटले. तो जबडा धरून उठला तेव्हा ओठातून रक्त गळत होतं आणि तोंड धड मिटत नव्हतं. सगळी खानावळ आपापल्या ताटात बघत राहिली. सुतारही.

"असं केलं तरच गरम मिळतं, दादा," जावईबापू अंगठी पुसत म्हणाले. खरंच, दुसरा मासा कढत आला. सुताराने तो काटे चोखून खाल्ला, आणि याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

उठताना जावईबापूंनी गल्ल्यावर सांगितलं, "एक सूप बांधून द्या. पातळ. तुकडाबिकडा काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं ठिकाण. तिथे खुर्चीवरून कुणाशी तरी वाजलं, आणि जावईबापूंनी त्या माणसाची बोटं खुर्चीच्या पायाखाली घालून वर बूड टेकलं. तो ओरडत असताना त्यांनी अंडी कशी हवीत ते सांगितलं. सुतार मध्ये पडला, तर त्यालाच हसून म्हणाले, "तुम्ही पाहुणे, तुम्ही खा." निघताना पुन्हा सूप. पातळ.

दुपारी तिसऱ्या ठिकाणी सुताराच्या ताटात मटणाची नळी आली, आणि त्याला भडभडून आलं. या नळीवरून भावाबहिणीत लहानपणी काय काय महाभारतं झाली होती! ती धाकटी, पण दातांची पक्की. हाड दाढेखाली धरून कडकन फोडायची आणि वर त्यालाच वेडावून दाखवायची. तापातसुद्धा आईकडे नळीच मागायची.

"जावईबापू, तिच्यासाठी एक नळी बांधून घ्या ना. खूश होईल."

"छे छे. तिला हल्ली सूपच आवडतं."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना," ते रश्शात पाव बुडवत सहज बोलून गेले.

सुताराचा घास तोंडातच राहिला. ताप चार दिवसांचा आणि सूप महिन्याचं? त्याला तो वेटर आठवला, त्याचं न मिटणारं तोंड आठवलं. जावईबापू हात धुवायला गेले, तशी त्याने बांधून आलेलं सुपाचं पार्सल उचललं आणि बहिणीच्या घराचा रस्ता धरला.

घर त्याने लग्नात पाहिलेलं होतं. दाराला बाहेरून कुलूप. तापाच्या माणसाला कुणी कुलपात ठेवतं का? सुताराच्या पिशवीत लाकूड कोरायची पटाशी असायचीच. त्याने ती कोयंड्याखाली घातली आणि अंगाचा सगळा भार दिला. लाकूड फाटलं.

ती भिंतीला टेकून बसली होती. एक गाल अजून सुजलेला, आणि मोडलेला जबडा सांधावा म्हणून वरचे खालचे दात डॉक्टरने तारेने एकमेकांना बांधलेले.

"दादा," ती दातांच्या फटीतून म्हणाली. त्याने पार्सल खाली ठेवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो ढसाढसा रडला.

तेवढ्यात जावईबापू धापा टाकत दारात आले. "जिन्यावरून पडली हो ती! तुम्ही उगाच..."

सुताराने त्यांची कॉलर धरली. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून त्याच्या कपाळावर घातलं. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा सुताराने हातावर घेतला आणि स्टुलासकट त्यांना भिंतीवर आपटलं. कपाट कलंडलं, भांडी फुटली. मग जावईबापू खाली, त्यांच्या छातीवर सुताराचा गुडघा, आणि रंधा धरून दगड झालेली ती मूठ वर उचललेली.

बहिणीने मागून त्याचं मनगट धरलं.

सुताराच्या काळजात चर्र झालं. आता ही नवऱ्यासाठी पदर पसरणार. आईला तोंड काय दाखवायचं?

"दादा, सरक."

तिच्या दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता होता. तो सरकला. तिने एकदाच मारला. पण नेम धरून, आणि दाढेखाली नळी फुटावी तसा कडकन आवाज आला. जावईबापूंच्या तोंडातून किंकाळीऐवजी नुसताच घुरघुराट बाहेर पडला.

तिने बत्ता जागेवर नेऊन ठेवला, पायांत चपला घातल्या. मग वाकून पार्सल उचललं, वरची गाठ सोडली आणि ते नवऱ्याच्या डोक्याशी, हाताला येईल असं ठेवलं.

"घ्या," ती दातांच्या फटीतून म्हणाली. "चावावं लागत नाही."