त्याला धरू नका

दादा कामाला होता त्या गॅरेजच्या फरशीवर त्याला तिघांनी दाबून धरलं होतं. पेंटर त्याच्या छातीवर बसला होता, मेकॅनिकने पाय आवळले होते आणि मालक ओल्या फडक्याने त्याचं कपाळ करकचून बांधत होते. दादाचा उजवा डोळा लालभडक झाला होता, पापणी लोंबत होती. तो दात खात होता.

"आलात ते बरं झालं, ताई," मालक म्हणाले. "डोकं धरा जरा."

"सोडा त्याला."

"सोडू? सकाळभर बॉनेट ठोकलंय त्याने. आता आमची टाळकी ठोकेल."

आईलाही घरात असंच धरत. बाबा खांदे, काका पाय. अंधारी खोली, कपाळाला फडकं, पडून राहा म्हणजे बरं वाटेल. गेल्या वर्षी ती काकांच्या पोटात लाथ घालून सुटली आणि अनवाणी रस्त्यावर धावली. ट्रकवाल्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. डोकं फिरलं होतं, असं लोक म्हणाले. फिरलं नव्हतं, दुखत होतं.

तेच दुखणं दादाला लागलं तेव्हा मी विचारत सुटले. डॉक्टरांनी क्लस्टर डोकेदुखी असं नाव सांगितलं. ते घेऊन जगायचं कसं, हे मात्र कळलं वाचनालयाच्या माडीवर. तिथे शनिवारी डोकेदुखीवाले जमतात. दादा यायला तयार नव्हता, म्हणून मी एकटीच गेले. तिथे येणाऱ्या चित्रकलेच्या एका बाईंना हेच दुखणं होतं.

"अर्धशिशीवाल्याला अंधारात झोपवा," त्या म्हणाल्या. "आम्हाला नको. आडवं पाडलं की आमची आग दुप्पट होते. आम्हाला चालू द्या, आपटू द्या. बाहेरची वाट तेवढी बंद करा आणि अंगाला हात लावू नका." मग हसल्या. "शिव्या पडतील. त्या नातेवाइकांच्या वाट्याच्याच असतात." ऑक्सिजन हुंगला की ही कळ लवकर उतरते, डॉक्टरांना विचारा, हेही त्यांनीच सुचवलं. डॉक्टरांनी तो लिहून दिला होता. सिलिंडर अजून यायचा होता.

मी पेंटरला कॉलर धरून मागे ओढलं. तो जरा हलला, तेवढ्यात दादाचा कोपर त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. दादाने मेकॅनिकला भिंतीवर भिरकावलं.

"बाहेर व्हा सगळे," मी म्हणाले. या वेळी कोणी वाद घातला नाही.

त्यांच्यामागे दादाही दाराकडे धावला. पलीकडे रस्ता होता, त्यावर ट्रक चालले होते. मी शटर खाली ओढलं आणि आतून कुलूप घातलं. दादा खांद्याने त्यावर आदळला.

"किल्ली दे."

"नाही."

त्याने माझे केस धरले आणि मला शटरवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तोंडात रक्ताची चव आली. मी किल्लीची मूठ सोडली नाही आणि त्याला हातही लावला नाही.

"कैदाशिणी, मरशील माझ्या हातून."

"मरेन. पण शटर उघडणार नाही."

त्याने केस सोडले, हातोडा उचलला आणि समोरच्या गाडीची काच फोडली. मग दिवे, मग दार. फोडून झालं की भिंतीपर्यंत चालायचा, कपाळ आपटायचा, परत यायचा. मी शटरला पाठ लावून बसले. बाहेरून मालकांचा आवाज आला, "ताई, जिवंत आहात ना?"

"आहे."

"आणि गाडी?"

"ती नाही."

हळूहळू त्याच्या फेऱ्या आखूड झाल्या. हातोडा नुसता हातात लटकू लागला. शेवटी तो माझ्यासमोर काचांतच बसला आणि त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. डोळा अजून लाल होता, पण आता तो मला पाहत होता.

"मी मारलं तुला?"

"हो."

मग हातोड्याचा दांडा माझ्याकडे करून त्याने तो सरकवला.

"पुढच्या वेळी हा आधी लपव," दादा म्हणाला. "शटर मात्र असंच लाव."