झिजलेला दात आणि अख्खे गाणे

मित्रांनो, माझ्या पोटात आता उंदीर राहतात. पूर्वी तिथे कार्बनच्या दोन कांड्या जळत आणि उजेड असे. मी सिनेमा पडद्यावर टाकणारे यंत्र आहे. मला बोटीने व्हेराक्रूझ बंदरात आणले आणि तिथून उसाच्या गाडीत घालून या साखर कारखान्याच्या गावात. ऑरोरा थिएटरच्या माडीवर एक लहान खोली होती. तिथे मला बोल्ट मारून बसवले. समोरच्या भिंतीला एक चौकोनी भोक होते. त्यातून मी तीस वर्षे गाव पाहिले.

मला नाबोर चालवायचा. शेजारच्या तिपाईवर त्याची बायको तोमासा बसायची. रिळे उलटी गुंडाळायची, तुटलेली फीत खरवडून चिकटवायची, ही तिची कामे. दोघांना मूलबाळ नव्हते. मला ती दोघे तेल घालत, रोज पुसत. मी नवीन असताना गावचे लोक जिना चढून मला बघायला येत आणि हात लावू का म्हणून विचारत.

चित्र अडले की मात्र खालून ओरडा होई, "काकारो, झोपलास का?" आमच्याकडे यंत्र चालवणाऱ्याला काकारोच म्हणतात, आईबापांनी नाव काहीही ठेवलेले असो. "काकारो, बायकोला सोड आणि यंत्र धर," असेही ओरडत, आणि सगळे थिएटर हसे. तोमासा भोकाला तोंड लावून उत्तर देई, "मला कुणी धरलेलं नाही. तुम्ही शेंगदाणे खा गपचूप."

मग आंधळ्या आईचा सिनेमा आला. त्यातली आई मुलाच्या शिक्षणासाठी आपली वेणी विकते. मुलगा मोठा डॉक्टर होतो आणि तिला ओळखत नाही. शेवटच्या रिळात ती त्याच्याच दवाखान्यात मरते. मरताना अंगाई गाते आणि त्या अंगाईवरून तो तिला ओळखतो. गाव वेडे झाले. बायका पाच पाच वेळा आल्या. नाबोरही दर वेळी रडायचा.

"कार्बनचा धूर जातो डोळ्यात," तो म्हणायचा.

"नेमका अंगाईलाच जातो का रे?" तोमासा विचारायची.

तिला तो सिनेमा आवडत नव्हता. ती ते लपवतही नव्हती. बेकरीवाल्या चोनाने एकदा जिन्यात तिला अडवले.

"तोमासा, तुझे डोळे कोरडे कसे गं?"

"ती बाई चार रिळं रडते आणि एकदाही नाक पुसत नाही. मला त्याचंच हसू येतं."

"तुला काळीजच नाही."

"आहे. पण कुणी दोरी बांधून ओढलेलं त्याला चालत नाही. आणि मरणारी बाई गात नाही, चोना. माझी आई मरताना म्हणाली, कोंबड्या आत घे."

"तुला पोर नाही ना. तुला काय कळणार आईचं?"

तोमासा वर आली आणि रीळ गुंडाळत बसली. त्या दिवशी तिने फीत फार हळू फिरवली.

पुढच्याच रविवारी अंगाई चालू असताना फीत तुटली. खालून काकारो, काकारो सुरू झाले. तोमासाने फीत चिकटवली, पण फाटलेला तुकडा कापून टाकावा लागला. गाणे मध्येच उडी मारून पुढे गेले. दिवे लागल्यावर चोना जिन्याच्या तळाशी उभी होती आणि तिच्यामागे दहाबारा बायका.

"मुद्दाम कापलंस तू. तुला आवडत नाही म्हणून आमचंही गाणं कापलंस."

हे गावभर झाले. तोमासाला बेकरीत पाव मिळेना. देवळात तिच्या बाकावर कुणी बसेना. मालक अर्नुल्फो वर आला आणि नाबोरला म्हणाला, "दहा मेला आयांचा दिवस. सगळ्या बायकांना चार वाजता हाच खेळ. गाणं तुटलं, तर तुझ्या बायकोने या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

मित्रांनो, फीत कुणी फाडली ते मला ठाऊक होते. ती मीच फाडली. फीत ओढणाऱ्या माझ्या दातेरी चाकाचा एक दात झिजून आकड्यासारखा वाकला होता. चाक बदला, असे नाबोर वर्षभर मालकाला सांगत होता. पुढच्या महिन्यात बघू, असे उत्तर येई. मला तोंड नव्हते. मी गप्प राहिलो आणि दोष तिच्यावर गेला.

दहा मेला तोमासाने सकाळपासून फितीच्या कडेचे एकेक भोक बोटाने तपासले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. आठवडाभर तिला दम लागत होता, पण जिना चढताना ती मध्ये थांबते हे नाबोरला त्या दिवशीच कळले.

चार वाजता खेळ सुरू झाला. खाली एक खुर्ची रिकामी नव्हती. चौथ्या रिळानंतर तोमासा म्हणाली, "डावा हात जड झालाय."

"चल खाली. डॉक्टरकडे जाऊ."

"गाणं होऊ दे."

"खड्ड्यात गेलं गाणं. तुला आवडतं तरी का ते?"

"नाही आवडत. म्हणून तर अख्खं दाखवायचंय."

सहावे रीळ गेले, सातवे गेले. दर वेळी तो वाकलेला दात फितीच्या भोकात शिरे आणि मी श्वास धरावा तसा अडखळे. फीत निसटे आणि पुढे जाई. आठव्या रिळानंतर कार्बनच्या कांड्या बदलायच्या होत्या. नाबोर विसरला. तो तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होता.

शेवटचे रीळ. पडद्यावर आंधळी आई खाटेवर पडली. नाबोर तिपाईपाशी गुडघ्यावर बसला होता, तोमासाचा हात त्याच्या हातात. इकडे माझ्या पोटात कांड्यांचे थोटके उरले. त्यांच्यातले अंतर वाढले आणि उजेड पिवळा पडू लागला. गाण्याचा पहिला सूर लागला.

तोमासाने भोकाकडे पाहिले.

"उजेड जातोय, नाबोर. कांड्या जवळ घे."

तो उठला. त्याने माझी मूठ फिरवली, उजेड पांढरा झाला. पण थोटके इतके लहान होते की मूठ सोडली की ज्योत विझली असती. गाणे दोन मिनिटांचे होते. दोन मिनिटे तो तिच्याकडे पाठ करून माझी मूठ धरून उभा राहिला. "झालंच, तोमासा. झालंच बघ," असे म्हणत राहिला. गाणे तुटले नाही. खाली तीनशे बायका हुंदके देत होत्या.

तो वळला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. रुमाल मांडीवर पडला होता.

त्या दिवशी खालून कुणीही काकारो म्हणून ओरडले नाही. ओरडण्यासारखे काही घडलेच नव्हते. त्याने बायकोला सोडले होते आणि यंत्र धरले होते.

रीळ संपले. मूठ सुटली होती, ज्योत विझली आणि पडदा काळा पडला. जिन्यावर पावले वाजली. चोना होती. डोळे लाल, हातात केळीच्या पानात बांधलेले, मक्याच्या पिठाचे गरम तमाल.

"तोमासा, आज अख्खं झालं बघ. मी उगीच बोलले तुला. हे घे, तुझ्यासाठी बाजूला..."

तिने तमाल खाली ठेवले आणि क्रूसाची खूण केली.

तोमासाच्या मरणानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्यावर नाबोरने मला उघडले. वाकलेल्या दातामागे फितीची एक चिंधी अडकली होती. तिच्यात त्या अंगाईची तीन चित्रे होती. तो ती घेऊन बेकरीत गेला, चोनाच्या समोर ठेवली आणि परत आला. तो सिनेमा त्याने पुन्हा कधी दाखवला नाही. मालकाने नवीन चाक आणले. ते वर्षभर आधी यायला हवे होते.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याच दिवशी बघा. आमची दुखणी आम्हाला सांगता येत नाहीत, आणि ती दुसऱ्याच कुणाला भोगावी लागतात. तुम्हाला रडवणाऱ्या गोष्टीला एखादी बाई रडत नसेल, तर तिला निर्दय म्हणू नका. ती कशाला रडते ते तुम्ही पाहिलेले नसते. आणि चित्र अडले तर थोडे थांबा, वर एक माणूस असतो.

थिएटर बंद झाले. नाबोरही गेला. माझ्याशेजारची तिपाई अजून आहे. उंदीर तिच्यावर चढत नाहीत, का ते मला माहीत नाही.