लाल राहिलेलं बटण

मी वर्ग आहे, पण शाळेतला नव्हे. बाकं, फळा, गोंगाट यांतलं माझ्याकडे काहीच नाही. मी मोबाइलच्या आतला, संगणकाच्या भाषेत लिहिलेला बेस क्लास, म्हणजे ज्यावरून बाकीचे घडतात तो मूळ साचा. तुम्ही पडद्यावर बोट टेकवलंत की त्याची खबर ज्या घराण्याकडे जाते, त्या घराण्याचा मी मूळ पुरुष. पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक सरकती यादी हे माझं लेकरू. बोट कुठे टेकलं आणि किती वेळ टेकलं, एवढंच मला स्वतःला कळतं. बाकीचं जे सांगणार आहे, ते माणसांच्या तोंडून गोळा केलेलं आहे.

मला लिहिलं कंसबाईंनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. उघडलेला कंस बंद करायला कुणी विसरलं की त्या त्याची सालटी काढत, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. त्यांनी मला चार कामं नेमून दिली. बोट टेकलं, बोट सरकलं, बोट उचललं, आणि चौथं, स्पर्श तुटला. मध्येच फोन आला किंवा पडद्यावर बोटाऐवजी आख्खा तळवा पडला, तर मोबाइल तो स्पर्श रद्द करतो आणि मला तसं कळवतो. तेव्हा काय करायचं? कंसबाईंनी तिथे दोन कंस घातले आणि आत काहीच लिहिलं नाही.

"ज्याला गरज पडेल तो लिहील," असं शेजारच्याला म्हणून त्या पुढच्या कामाला लागल्या.

आमच्यात वारशाचा नियम कडक आहे. मुलाने स्वतःचं काही लिहिलं नसेल, तर बापाचं चालतं. माझ्या दोनशे चौदा लेकरांपैकी जवळजवळ सगळ्यांनी माझं मौन जसंच्या तसं उचललं. आठ वर्षं कुणाचं काही अडलं नाही. याद्या सरकत होत्या, दारं उघडत होती, मी कॉलर ताठ करून बसलो होतो.

मग एका इस्पितळाने कर्मचाऱ्यांसाठी मदतीचं बटण मागितलं. अपघात विभागात मारहाणीचे प्रकार वाढले होते. बटण तीन सेकंद दाबून धरायचं, की खालच्या मजल्यावरच्या गार्डच्या खोलीत घंटा वाजणार. बोट टेकताच बटण लाल होणार, आणि लवकर उचललं तर पुन्हा पांढरं. हे बटणही माझंच लेकरू, ऑफिसातल्या एका मुलीने लिहिलेलं. ते सुरू झाल्यावर इस्पितळाने भिंतीवरची जुनी घंटा काढून टाकली.

एका दुपारी त्या विभागात मोटारखाली सापडलेला तरुण आणला. तो वाटेतच गेला होता. डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकलेले, त्यामुळे ती बातमी सांगायची वेळ सिस्टरवर आली. तिने मयताच्या दोन्ही भावांना बाजूला घेऊन सांगितलं. धाकटा मटकन खाली बसला. थोरल्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला.

पहिला घाव औषधांच्या कपाटावर बसला. काचा खोलीभर उडाल्या. स्ट्रेचर ओढणारे मामा मध्ये पडले. ते सिस्टरचे रक्ताचे कुणी नव्हते, पण अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवत होती. दुसरा घाव मामांच्या डोक्यात बसला. ते भिंतीला घासत खाली आले आणि भिंतीवर रक्ताचा पट्टा उमटला.

सिस्टरने खिशातून मोबाइल काढून बटण दाबलं. ते मला कळलं. अंगठा जागचा हलला नाही. एक सेकंद झाला, दोन झाले. अडीच सेकंदांवर थोरल्याने तिच्या हातासकट मोबाइल मुठीत धरला. पडद्यावर तळवा पडला. मोबाइलने स्पर्श रद्द केला आणि मला खबर दिली. तीन सेकंद भरले नाहीत, म्हणून खाली घंटा वाजलीच नाही.

मी काहीच केलं नाही. माझ्यात काही लिहिलेलंच नव्हतं.

बटण पांढरं करायचं काम 'बोट उचललं' या खबरेवर ठेवलेलं होतं, आणि ती खबर आलीच नाही. मोबाइल जमिनीवर पडला तेव्हाही बटण लाल होतं. सिस्टरने ते पाहिलं. तिला वाटलं, हाक गेली, गार्ड दोन मिनिटांत येतील. बाहेर पळायला मागचं दार होतं. ती पळाली नाही. तिने मामांना बखोटीला धरून ड्रेसिंगच्या खोलीत ओढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. कडी मोडकी होती. थोरल्याने दार ढकललं, तिचा उजवा हात चौकटीत सापडला, आणि तो दारावर लाथा घालतच राहिला. मनगटाचा चुरा झाला तरी तिने पाठ हटवली नाही. मामांना ती सारखं सांगत होती, "आले बघा, आलेच ते."

अकरा मिनिटांनी कुणीतरी जिना उतरून गार्डला बोलवून आणलं. तिसऱ्या दिवशी मामा गेले.

महिन्याभराने सिस्टर आमच्या ऑफिसात आली. हात गळ्यात बांधलेला. साहेबांनी तिला खुर्ची दिली, दिलगिरीची चार वाक्यं बोलले. तिने ती ऐकून घेतली.

"मला नुकसानभरपाईचं बोलायचं नाही," ती म्हणाली. "बटण लाल का राहिलं, तेवढं सांगा. लाल नसतं, तर मी मामांना घेऊन मागच्या दाराने गेले असते."

कंसबाईंनी तोवर मोबाइलमधल्या सगळ्या नोंदी तपासल्या होत्या. बटण लिहिणाऱ्या मुलीवर ढकलून त्यांना मोकळं होता आलं असतं, साहेबांनी आडून तसं सुचवलंही होतं. त्यांनी पडदा सिस्टरकडे वळवला आणि त्या दोन कंसांवर बोट ठेवलं.

"इथे मी काही लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी. मीच."

सिस्टरने ती रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, "आता काय लिहिणार?"

साहेबांचं म्हणणं, फक्त ते एक बटण दुरुस्त करावं. कंसबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी माझ्यावरच सुरी चालवली. माझं चौथं काम त्यांनी मुळासकट कापलं आणि तिथे सक्ती लिहिली, की स्पर्श तुटल्यावर काय करायचं हे प्रत्येक लेकराने स्वतः सांगायचं, नाहीतर त्याला जन्मच मिळणार नाही. त्या क्षणी माझी जवळजवळ सगळी लेकरं कोसळली. पडदा चुकांनी भरून गेला. साहेब कपाळाला हात लावून बसले. पुढचे सहा आठवडे कंसबाई आणि ती मुलगी शेजारी बसून एकेक लेकरू उभं करत होत्या. सालटी काढणं त्यांनी सोडलं होतं. मुलीने चूक केली की त्या फक्त म्हणत, "परत बघ."

मदतीचं बटण सगळ्यांत शेवटी आलं. स्पर्श तुटला तर हाक पाठवायची की नाही, यावर खल झाला. खिशात चुकून दाबलं गेलं तर गार्ड उगाच धावतील, असं साहेबांना वाटत होतं. कंसबाईंनी सिस्टरला फोन लावला.

"पाठवा," सिस्टर म्हणाली. "उगाच आले तर मी त्यांची माफी मागेन."

तसंच लिहिलं गेलं. आता तळवा पडो, फोन येवो, काच फुटो, हाक जाते, आणि खाली गार्डने ती घेतली तरच बटण लाल होतं.

माझी मात्र उतरती कळा आहे. नव्या पद्धतीत माझ्यासारखे मूळ पुरुष कुणी ठेवत नाही. वर्षभरात मला पुसतील. कंसबाईंनी मामांच्या घरी दोनदा जाऊन पाहिलं. पहिल्यांदा दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा मामांच्या बायकोने पाणी दिलं, पण 'बसा' म्हणाली नाही. तुम्हा लिहिणाऱ्यांना जाता जाता एवढंच सांगतो, की माणूस अर्ध्यात तुटतो तेव्हा काय करायचं, ते आधी लिहा. सुरळीत चालण्याचं मागाहून बघा.

सिस्टर कामावर परतली आहे. उजव्या हाताने तिला बाटलीचं झाकणही उघडत नाही. रोज सकाळी ड्युटीवर आली की ती डाव्या अंगठ्याने बटण दाबते. गार्ड जिना चढून येतो, तिला बघतो, परत जातो. एकदा धापा टाकत त्याने विचारलं, "सिस्टर, बटण तर चांगलं चालतंय. रोज काय तपासता?"

"बटण नाही तपासत," ती म्हणाली. "तुम्ही येता का, ते बघते."

दुसऱ्या दिवशी तो दोन-दोन पायऱ्या चढत आला.