प्रियंकापर्यंत न पोहोचलेला विषाणू

मी एक जुना विषाणू आहे. मित्रांनो, मागे सरू नका. कुणाला आजारी पाडण्याचं बळ आता माझ्यात नाही.

फुलसावंगीत कुत्रीच्या एका पिल्लाच्या आतड्यात मी वाढलो. ते माझ्यामुळेच मेलं. त्याच गावची मैत्रेयी शहरात संशोधन करायची. तिनं मला प्रयोगशाळेत नेलं. तिच्या धाकट्या बहिणीला, प्रियंकाला, सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकत, नसांत अडकत आणि पोर हाडं धरून कळवळे. तिच्या पेशींत चांगलं जनुक पोचवायला वाहक हवा होता. पेशीत शिरणं हीच तर माझी विद्या! मैत्रेयीनं माझी वाढण्याची जनुकं काढली आणि रिकाम्या कवचात ते चांगलं जनुक भरलं.

पण आधी उंदरांना टोचून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पेशींत मी भलत्याच जागी चिकटलो. त्यांच्या यकृतात गाठी आल्या. मैत्रेयी पुन्हा माझी रचना बदलायला बसली.

एकदा प्रियंका तिथं आली. म्हणाली, "ताई, मले टोचून दे ना. हाडं तं असेही फुटूनच राह्यले."

"उंदरायले गाठी आल्या, प्रियू. तुले कशी टोचू? थोडी थांब."

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी पोखरली. उरलासुरला कापूस वेचायला प्रियंका वडिलांबरोबर, डोमाजींबरोबर, मजुरीनं गेली. तहान मारून उन्हात वेचत राहिली. दुखणं उठलं ते छातीत शिरलं. दवाखाना गाठण्याआधीच ती गेली.

मैत्रेयी पुन्हा कामाला लागली. पुढं माझी नवी रचना तयार झाली. एकाही उंदराला गाठ आली नाही. मला वाटलं, आता माझं चीज होईल.

पण प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "कपाशीच्या बियाण्यात अळी मारणारं जनुक घातलं, तरी अळी आलीच. आता माणसांत घालतो म्हटलं, तर लोक दारात उभं करतील का?"

"सर, ते वेगळं, हे वेगळं."

"ते लोकांना कोण समजावणार?"

काम बंद झालं. मैत्रेयीचं सामान न्यायला डोमाजी आले. माझ्या कुपीकडे बघत त्यांनी विचारलं, "हेच औषध होतं काय, पोरी?"

"हो, बाबा."

"मंग आता कोनाले देतं?"

"कोनालेच नाई."

तेव्हापासून मी त्या कुपीत, बर्फाच्या कपाटात गोठून पडलो आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं पोर सांधे धरून बसलं, तर त्याला आळशी म्हणू नका. सावलीत बसवा, पाणी द्या. माझ्या हातून तेवढंही झालं नाही.