वरचा शिट्टीवाला

माझ्या सासऱ्यांचं नाव उलार. घ्या, घेतलं. आभाळ काही कोसळलं नाही.

आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरामोठ्यांचं नाव जिभेवर आणायचं नसतं, ते वारले तरी नाही. आता कड्यावर राहणारा तो करडा, कोंबड्याहून थोराड पक्षी, ज्याच्यासाठी कुठकुठचे लोक आमच्या नारिनच्या डोंगरात येतात, त्याचंही नाव उलारच. सासऱ्यांचं नाव त्याच्यावरूनच ठेवलेलं. म्हणून लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पक्ष्याला म्हणायची 'वरचा शिट्टीवाला'. पहाटे तो कड्यावरून लांबलचक शिट्टी घालतो ना, म्हणून. घरात सगळ्यांना कळायचं. घराबाहेर कुणाला कळणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

नवरा रशियात कामाला. उन्हाळाभर मी आणि सासूबाई वरच्या कुरणात, घोड्या-मेंढ्यांच्या मागे. अशात नारिन शहरातून सोनुन-एजे आल्या; एजे म्हणजे थोरली ताई. पाहुण्यांना पक्षी दाखवणारी माणसं हवीत, मी शिकवते, म्हणाल्या. मी पहिल्याच दिवशी जाऊन बसले. मोठे दीर कुबात (हेही नाव मी घेत नसे, आता घेते) खो खो हसले.

"पक्षी बघणार म्हणे! मेंढी हरवली तर तीही दुर्बिणीतूनच शोधशील का?"

"शोधीन की," मी म्हटलं. "तुमच्याआधी सापडेल."

शिकताना फजिती काही कमी झाली नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून मी डोंगरभर भिरभिरायची आणि दिसायचं नुसतं आभाळ. एजे ओरडायच्या, "आधी उघड्या डोळ्यांनी धर त्याला! नजर तिथंच ठेव आणि दुर्बीण वर आण." दगडांना तर मी रोज पक्षी म्हणायची. एकदा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या टोपीला गिधाड म्हटलं. पण हळूहळू डोंगर उलगडायला लागला. ओढ्यात बुडी मारणारा वेगळा, बर्फाच्या कडेला किडे टिपणारे वेगळे, कड्याच्या भिंतीवर चढणारा लाल पंखांचा वेगळा. शिट्टीवाला सकाळी उडत खाली येतो आणि मग चरत चरत पायीच वर जातो. त्याचं नाव घ्यायची वेळ आली की मी बोट दाखवून वेळ मारून न्यायची. जन्म डोंगरात गेला आणि मी डोंगराकडे धड पाहिलंच नव्हतं, याचा मला खरंच राग आला.

परीक्षेच्या सकाळी एजेंची अट एकच होती. उलार शोधायचा आणि सगळ्यांना दाखवायचा. जो दाखवेल त्याला या उन्हाळ्याचं काम. सासूबाई सगळ्यांसाठी कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, घेऊन आल्या होत्या. कुबात घोड्याचा लगाम धरून उभे होते, तमाशा बघायला. माझ्याबरोबर शिकणारी, शहरातून आलेली मुलं शिखरांवर दुर्बिणी फिरवत होती. मी उतारावर नजर लावली. बराच वेळ काही नाही, मग एक दगड चालायला लागला.

"वरचा शिट्टीवाला!" मी ओरडले. "त्या लाल खडकाच्या डावीकडे, वर चाललाय!"

सगळे जण शिट्टी वाजवणारा कुणी गुराखी दिसतो का ते शोधायला लागले. एका मुलानं तर हात हलवून हाकही मारली.

"कोण शिट्टीवाला?" एजे म्हणाल्या. "बुरुल, पक्ष्याचं नाव सांग. उद्या पाहुण्यांनाही असंच सांगणार आहेस का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. कुबात दातओठ खात म्हणाले, "खबरदार."

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. शोधला मी, ओळखला मी, आणि बोलायचं मात्र नाही?

"उलार!" मी जीव खाऊन ओरडले. "उलार आहे तो!"

कड्यावरून ते नाव परत आलं. सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि काम मला मिळालं.

संध्याकाळी आमच्या तंबूत सासूबाईंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. वाडगा तसाच समोर ठेवून बसून राहिल्या. कुबात तावातावानं आत आले.

"आमच्या बापाचं नाव डोंगरावर ओरडतेस? उद्यापासून जायचं नाही!"

"जाणार. रोज जाणार आणि रोज नाव घेणार. कुबात."

माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून ते चरफडत बाहेर गेले. आता माघार घ्यायची नव्हती.

"अपा," मी सासूबाईंना म्हटलं, "चहा नको असेल तर नका घेऊ. माफी मी मागणार नाही."

त्या चुलीकडे बघत होत्या.

"तुझे सासरे गेले तेव्हा लेकी त्यांचं नाव घेऊन रडल्या," त्या म्हणाल्या. "शेजारणीसुद्धा नाव घेऊन रडल्या. मी बायको, आणि मी आपली 'घरधनी, घरधनी' करत रडले."

त्यांनी गार झालेला चहा ओतून टाकला आणि रिकामा वाडगा माझ्यापुढे केला.

"कुबातचं मी बघते. उद्या सकाळी मी खाली घोड्यांची धार काढत असेन. जरा मोठ्यानं घे. तिथवर ऐकू आलं पाहिजे."