कॅसेटमधलं मागचं दार

काच कारखाना बंद पडल्यावर युनियनची कचेरी विश्वस्तांकडे गेली आणि तळमजल्यावरचा दफ्तरखाना सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. संपाची पत्रकं, कापडी फलक, सभांचे फोटो आणि म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणींच्या कॅसेट. या आठवणी तिनेच घरोघर फिरून टेप केल्या होत्या. "आम्ही आहोत तोवर कुणाला ऐकवू नकोस," असं बहुतेकांनी बजावलं होतं आणि तिने शब्द दिला होता.

म्हणून विश्वस्तांची परवानगी घेऊन एक चष्मेवाला कॅसेट ऐकायला आला, तेव्हा तिने लगेच वर फोन लावला.

"अभ्यासक आहेत. ऐकू देत," विश्वस्त म्हणाले.

"पण मी लोकांना शब्द दिलाय."

"तू दिलास. संस्थेने नाही."

माणूस मोठा सभ्य होता. आत येताना पायपुसण्यावर बूट पुसायचा, खुर्ची आवाज न करता ओढायचा. कानाला हेडफोन लावून एकच तुकडा मागे घेऊन घेऊन ऐकायचा. लिहून मात्र काही घेत नव्हता. असला कसला अभ्यासक, हे तिच्या डोक्यातून जाईना.

एका दुपारी हेडफोनची पिन निसटली आणि खोलीत तिच्या मामाचा आवाज घुमला. "...सभा आमच्याच घरी व्हायची. पोलीस पुढून आले, की आम्ही न्हाणीघरातून मागच्या दाराने लाँड्रीच्या बोळात..."

त्याने सावकाश पिन बसवली. "ओळखीचा आवाज?"

"नाही," ती म्हणाली.

मामाची मुलगी एका मोठ्या गोदामात माल बांधायला होती. तिथे युनियन काढायची तिची आणि मैत्रिणींची खटपट चालली होती. सभा रविवारी दुपारी ठरली होती, मामाच्याच घरी.

रविवारी ती मुद्दाम लवकर निघाली आणि लाँड्रीच्या बोळातून गेली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कोरं, तेलकट.

ती वळसा घालून पुढून घरात शिरली. मामा कांदा चिरत होता.

"मामा, मागच्या दाराला कुलूप तू घातलंस?"

"बाहेरून? मी काय स्वतःलाच कोंडून घेऊ?" तो हसला आणि मग हसायचा थांबला. सुरी खाली ठेवली. "त्या दाराचं मी फक्त तुझ्या टेपला सांगितलंय, पोरी."

तिला त्याच्याकडे बघवेना. मामेबहिणीने चप्पल घातली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन येणाऱ्या बायकांना परत फिरवलं. मामा मात्र हलायला तयार होईना.

"घर रिकामं दिसलं तर गोदामवाले तुम्हाला शोधत फिरतील. मी बसतो. जन्म भट्टीपुढे गेला माझा, ह्यांची काय धग लागणार?"

दोघी पलीकडच्या आळीत एका मैत्रिणीकडे बसून राहिल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. मामा खाटेवर बसला होता, हात मांडीखाली दाबून.

"मारलं का, बाबा?" मामेबहिणीने विचारलं.

"छे. चहा मागितला. मी केला." त्याने हनुवटीने उष्ट्या कपांकडे दाखवलं. "चष्मेवाला होता एक. त्याने माझ्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. हुबेहूब. मधला खोकलासुद्धा."

दफ्तरखान्याची किल्ली तिच्या पर्समध्येच होती. ती तशीच उठली, सगळ्या कॅसेट दोन पिशव्यांत भरून मामाकडे घेऊन आली आणि म्हणाली, "जाळून टाकते."

"जाळू नकोस," मामा म्हणाला. "आम्ही भांडलो होतो, हे सांगायला दुसरं काय उरलंय?"

पिशव्या मामेबहिणीने उचलल्या.

सोमवारी चष्मेवाला नेहमीसारखा बूट पुसून आत आला. त्याला पुढची कॅसेट हवी होती. तिच्या आईची.

"गहाळ झालीय."

"सूचीत तर आहे. तुमच्याच अक्षरात."

"असेल. पण इथे नाही."

"बरं," तो म्हणाला. "मी थांबतो."

कचेरी बंद होईपर्यंत तो समोर बसून राहिला. मंगळवारीही. तिने जुन्या फलकांच्या घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या. मान वर केली नाही. बुधवारी विश्वस्तांनी तिच्याकडून किल्ली काढून घेतली, आणि तिने कारणही विचारलं नाही.

गोदामातली युनियन अजून उभी राहिलेली नाही. बायका दर वेळी वेगळ्या घरी जमतात, आता तीही त्यांच्यात असते. मामाने मात्र बोलणं जवळजवळ सोडलंय. कुणी आलं, की मानेनेच हो किंवा नाही म्हणतो. कॅसेट कुठे आहेत, ते तिला ठाऊक नाही. मामेबहीण एकदा सांगायला लागली होती, तेव्हा तिने तिच्या तोंडावर हात ठेवला.