साहेबांचं मोजलेलं पाणी

आमच्या घरात पाणी मोजून प्यायचं असे, पण ते एकाच माणसाला. सासऱ्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, गोळीबरोबरचा घोटही आला. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर न्यावं लागे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, तेव्हा मोजायचं काम न सांगताच माझ्याकडे आलं. एका लिटरच्या बाटलीवर मी चिकटपट्टीच्या दहा रेघा केल्या. बाकीचं पाणी फडताळात, दार लावून. त्यांच्यासमोर आम्हीही पाणी पीत नसू. तीन वर्षांत त्याचा नेमच होऊन गेला होता.

बाबा जन्मभर प्लंबर. "शंभर घरांत पाणी चढवलं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि माझंच कनेक्शन सूनबाईनं तोडलं."

कुत्र्याचं पिल्लू नणंदेनं आणलं. आमच्या ह्यांना म्हणाली, "अरे, बाबा दिवसभर भिंतीशी बोलतात. निदान ऐकायला कान तरी असू देत." कान खरोखरच मोठे होते. बाकीचं पिल्लू चार किलोचं, अडीच महिन्यांचं. पहिल्या तासातच घरातले सगळे फडकी घेऊन त्याच्यामागे धावू लागले, म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं साहेब.

ह्यांना पिल्लाचा राग नव्हता, धास्ती फरशीची होती. बाबा काठीनं चालतात, हाडं ठिसूळ झाली आहेत. ओल्यावर पाय पडला तर पुढचं सगळं अंथरुणात.

"पंधरा दिवस," हे म्हणाले. "तोवर फरशी कोरडी राहायला लागली तर ठीक. नाहीतर ताईकडे परत."

"पाय माझा, पडणार मी," बाबा म्हणाले.

"आणि उचलणार मी."

बाबांनी वाद घातला नाही. पण मी दुपारी शाळेतून येई तेव्हा ते साहेबांना जुन्या नळाचा वॉशर कसा बदलायचा ते समजावून सांगत असत, आणि साहेब मान वाकडी करून ऐकत. भिंतीनं असं कधी ऐकलं नव्हतं. पिल्लू परत गेलं तर बाबा पुन्हा भिंतीकडे वळतील, एवढं मला दिसत होतं.

म्हणून मला जे येत होतं ते मी केलं. आत कमी गेलं की बाहेर कमी येईल. बाबा साठ किलोंचे, त्यांना एक लिटर. त्या प्रमाणात चार किलोंना सत्तर मिलिलीटरही बसत नव्हते. मी हात सैल सोडून शंभर धरले. खाण्याचे दाणे भिजवून देत होते, ते कोरडे द्यायला लागले. रोज पहाटे देवापुढे बसून मी त्या दिवसाचा एक नेम धरते. बाबांच्या लिटराशेजारी त्यात साहेबांचे शंभरही आले.

फरशी ओलीच राहिली. दिवसाला सहा वेळा, कधी सात. मी शंभराचे ऐंशी केले. तरी सहा. ऐंशी मिलिलीटर पाण्यातून सहा थारोळी कशी होतात, हे मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याच भांड्यात मांडून दाखवता आलं नसतं.

दोन खेपांमध्ये अंगात किती पाणी साठलं ते वाढलेल्या वजनावरून कळतं. त्याच आठवड्यात यंत्रावर बसवण्याआधी नर्सनं बाबांना काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून हसली. "या खेपेला वजन फारसं वाढलं नाही हो. सूनबाई कडक झाल्या वाटतं." मी मनातून सुखावले. बाबा छताकडे बघत होते.

दहाव्या दिवशी मी साहेबांना पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिल्लाला लघवी फार होते, काही दुखणं असेल, असं सांगितलं.

"पाणी किती पितो?"

"ऐंशी मिलिलीटर."

"एका वेळेला?"

"दिवसाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. साहेबांच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर बसली. हिरड्या पाहिल्या. साहेब त्यांचं बोट चघळत होते.

"ऐंशीवर हे पिल्लू इतकं टुणटुणीत राहिलं नसतं. हा आकडा कुणी दिला?"

मी हिशेब सांगितला. बाबांचे किलो, बाबांचा लिटर.

"अहो बाई," त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडं तुमच्या सासऱ्यांची बिघडलीत. याची धडधाकट आहेत. वाढत्या पिल्लाचं पाणी तोडायचं नसतं. भांडं दिवसभर भरलेलं ठेवा, फक्त झोपायच्या दोन तास आधी उचला. मोजायची हौस असेल तर खाणं मोजा, तीन वेळा, ठरल्या वेळी. आणि मोजा तो वेळ. झोपून उठला की बाहेर. खाल्लं की दहा मिनिटांत बाहेर. खेळून थांबला की बाहेर. फरशी पाण्यानं ओली होत नाही हो, उशिरानं होते." पिशवीची चेन लावून देताना म्हणाल्या, "आणि घरात कुणीतरी याला चोरून पाजतंय. आधी त्यांचे आभार माना."

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत होते. चष्मा खिडकीत उघडाच पडला होता आणि त्याची प्लास्टिकची कडक डबी खुर्चीच्या पायाशी. मी उचलली. आतून ओली होती.

"बाबा, चष्म्याच्या डबीत पाणी कसं?"

"चष्म्याचे डोळे भरून आले असतील."

"किती देत होता?"

"तुझी एक रेघ. कधी दोन."

"अहो, तुम्हालाच ते पुरत नाही."

"म्हणूनच तर. जीभ टाळूला चिकटली की कसं होतं ते या घरात दोघांनाच ठाऊक. तू मोजून ओतायचीस आणि शाळेत जायचीस. तो दोन मिनिटांत संपवायचा, मग तासभर रिकामं भांडं चाटायचा. ते मी बसून बघू होय?"

मी डबी पुसून चष्मा आत ठेवला.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे डोक्याला हात लावून बसले. "म्हणजे आता घरात दिवसभर उघडं पाणी? बाबांच्या डोळ्यांसमोर? फडताळाला दार कशाला लावतो आपण? नाही जमायचं. ताईला फोन करतो."

हे माझ्याही मनात आलं होतं, येताना वाटेतच. बाबा दुपारभर एकटे, आणि हाताच्या अंतरावर भरलेलं भांडं.

"काय रे," बाबा आतून म्हणाले, "कुत्र्याच्या भांड्यात तोंड घालीन म्हणतोस?"

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. आणि चूकही नाही तुझी. मागच्या उन्हाळ्यात मी फुलदाणीतलं प्यायलोय." हे आम्हाला माहीत नव्हतं. "पंधरातले किती उरले? पाच ना? ठेव भांडं इथं, माझ्या खुर्चीशी. तू घरी नसशील तेव्हा बाहेर न्यायचं काम माझं. परत पाठवायचं तर पाच दिवसांनी पाठव."

मी भांडं ठेवलं. साहेब धावत आले आणि प्यायले, सगळी खोली ऐकेल असं. बाबांच्या गळ्याचं हाड वरखाली झालं. त्यांनी नजर हलवली नाही.

त्यांनी मोबाइलवर नऊ गजर लावून घेतले. एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी. अंगणापर्यंत अकरा पावलं आणि एक पायरी. पहिल्या दिवशी तीन थारोळी झाली, मग दोन, मग दिवसाला एक. मी शाळेत असताना मात्र माझं लक्ष भांड्यात असे. कमी झालेलं पाणी कुणी प्यायलं, ते भांड्याकडे बघून कळत नाही.

पंधरावा दिवस यंत्राचा होता. हे रजा घेऊन साहेबांजवळ थांबले, मी बाबांबरोबर गेले. नर्सनं काटा वाचला आणि म्हणाली, "परत वाढलं की."

मी पुढे झाले. "किती?"

तिनं आकडा सांगितला. पूर्वी जेवढं वाढायचं तेवढंच. लिटराच्या माणसाचं वाढतं तेवढं.

"बघ," बाबा म्हणाले. "नीट बघून घे." मी खाली मान घातली.

घरी दार उघडलं तर हे गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. बाबा उंबऱ्यातच थांबले.

"त्याची चूक नाही," हे वर न बघता म्हणाले. "दोनदा दाराशी जाऊन उभा राहिला. मी फोनवर होतो."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय? गजर लावलेला तुमचा फोन माझ्याकडे कुठं होता? ताईला काही फोन करत नाही मी. जरा थांबा, वाळू दे, मग आत या."

बाबा थांबले. साहेब रिकामं भांडं नाकानं ढकलत त्यांच्यापर्यंत घेऊन आले. मी ते उचललं, धुतलं आणि नळ सोडला.

"वरपर्यंत," बाबा उंबऱ्यातून म्हणाले.